जुम्मा दरवाजा, २४ डिसेंबर १८१७ : डव्हटनच्या मानसन्मानांत न मावलेला दिवस

महालातील गांधी गेटखालून रोज हजारो माणसे जातात. शेजारी शिवछत्रपतींचा पुतळा, पलीकडे बाजार, सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. या वेशीचे जुने नाव जुम्मा दरवाजा. जवळच्या तलावाचेही तेच : जुम्मा तलाव, म्हणजे शुक्रवार तलाव. पुढे दोघांनाही गांधीजींचे नाव मिळाले आणि जुने नाव म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरते उरले. २४ डिसेंबर १८१७ रोजी याच दरवाजापाशी ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नामांकित सेनानीचा हल्ला मोडून पडला. नागपूरच्या इतिहासावर सायंकाळभर वाद घालणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना ही तारीख ठाऊक आहे?

२६ आणि २७ नोव्हेंबर मात्र सर्वांना ठाऊक असतात. सीताबर्डीची लढाई, टेकडीवरचे मूठभर इंग्रज, भोसल्यांची अफाट फौज, कॅप्टन फिट्झजेराल्डची घोडदौड आणि शेवटी 'नागपूर पडले'. समाजमाध्यमांवर ही कथा दर वर्षी नोव्हेंबरात उगवते. ती सांगणारे दोन गटांत विभागलेले असतात. एक गट फिट्झजेराल्डच्या धाडसावर चित्रपट काढावा अशा उत्साहात लिहितो. दुसरा गट घरभेद्यांची यादी करतो. दोघांचीही कथा २७ नोव्हेंबरच्या दुपारी संपते. नागपूर शहर मात्र त्यानंतर तेहतीस दिवसांनी इंग्रजांच्या हाती आले, आणि तेही तलवारीने जिंकून घेता आले नाही म्हणून, अटी मान्य करून घ्यावे लागले.

हे तेहतीस दिवस कुठे गेले, हा या लेखमालिकेचा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्यासाठी एका माणसाच्या कारकिर्दीकडे पाहावे लागते. जॉन डव्हटन. जन्म १७६८. मद्रासच्या घोडदळातील अधिकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धांत तो तरुणपणी लढला. श्रीरंगपट्टण पडल्यावर धोंडिया वाघाचा पाठलाग करणाऱ्या फौजांत तो होता. एकेक पायरी चढत तो ब्रिगेडियर जनरल झाला आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबादच्या तैनाती फौजेची सूत्रे त्याच्याकडे आली. या फौजेचा तळ जालन्याला होता. म्हणजे मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश या साऱ्या मुलखावर ज्या लष्करी मुठीची पकड होती, ती मूठ डव्हटनची. पुढे त्याला 'ऑर्डर ऑफ द बाथ'चा नाइट करण्यात आले, तो सर जॉन झाला, आणि १८४७ मध्ये मद्रासला वारला. चरित्रकोशांत त्याची नोंद आहे आणि त्या नोंदीत नागपूरला मानाचे स्थान आहे. अशा नोंदींची एक पद्धत असते. प्रत्येक गाव म्हणजे एक पायरी. श्रीरंगपट्टण, नागपूर, असीरगड. पायरीवर कोण उभे होते, ते कसे लढले, पायरी खरोखर चढली गेली की बाजूने वळसा घातला गेला, हे विचारायचे नसते.

तर तो वळसा पाहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभार चालवण्याच्या स्थितीत नव्हते. चुलतभाऊ आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि स्वतःचे आसन भक्कम करण्यासाठी मे १८१६ मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघूजींनी आयुष्यभर जो तह टाळला, तो त्यांच्या पुतण्याने काही आठवड्यांत केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा मृत्यू झाला. तो घात होता आणि त्यात आप्पासाहेबांचा हात होता, असा आरोप पुढे झाला. म्हणजे ज्या फौजेविरुद्ध नोव्हेंबरात लढायचे होते, तिला आप्पासाहेबांनीच दारात आणून बसवले होते. या गृहस्थांना निव्वळ स्वातंत्र्यवीर म्हणून रंगवणाऱ्यांनी १८१६ च्या तहाचे पान फाडून टाकलेले असते.

पुण्यात बाजीराव आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई ५ नोव्हेंबरला झाली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने आपली माणसे सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर हलवली होती. २६ च्या सायंकाळी तोफा सुरू झाल्या.

सीताबर्डीबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही, कारण तेच तेच पुष्कळ लिहिले गेले आहे. कंपनीचे सुमारे चौदाशे लोक, इंग्रजी अंदाजाप्रमाणे भोसल्यांचे अठरा हजार. रात्रभर लहान टेकडीवर मारा. सकाळी अरब शिपायांनी ती टेकडी काबीज केली आणि मोठ्या टेकडीवर तोफ डागली. रेसिडेंटचा सहायक सोदबी आणि सर्जन निव्हन त्यात मेले. मग बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या घेऊन फिट्झजेराल्ड मैदानात उतरला. लेफ्टनंट कर्नल हॉपटाउन स्कॉटने त्याला स्वतःच्या जबाबदारीवर जा असे बजावले होते. त्याने तोफा हिसकावल्या. लहान टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, त्या गोंधळात मद्रासी शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीचे ३६७ लोक ठार आणि जखमी झाले. चौदाशेपैकी ३६७.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण पुढे ती उपयोगी पडेल. लहान टेकडीवर ज्यांनी रात्र काढली, त्या मद्रासच्या २४ व्या पलटणीला पूर्वी १ हा क्रमांक होता. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कंपनीने तिचे नाव यादीतून पुसले आणि तिला २४ हा क्रमांक दिला. सीताबर्डीनंतर या शिपायांनी एकच मागणी केली : आमचा जुना क्रमांक आणि आमच्या गणवेशाचा जुना रंग परत द्या. ती मान्य झाली. जमीन, रोकड, बढती यांपैकी काही त्यांनी मागितले नाही. पगारी शिपायाच्या मनात काय असते, हे या एका मागणीतून जितके कळते तितके डझनभर युद्धवृत्तांतांतून कळत नाही.

आता डिसेंबर. कंपनीच्या तुकड्या चारी बाजूंनी नागपूरकडे धावत होत्या. २९ नोव्हेंबरला गॅहन आला, मग पिटमन, आणि १२ डिसेंबरच्या सुमारास खुद्द डव्हटन. जेन्किन्सने आप्पासाहेबांपुढे अटी ठेवल्या : तोफा द्या, अरबांना निरोप द्या, स्वतः रेसिडेन्सीत या. १६ डिसेंबरला सकाळी आप्पासाहेब रेसिडेन्सीत दाखल झाले. धनी शत्रूच्या घरी जाऊन बसला आणि त्याची फौज शहराबाहेर सक्करदऱ्याच्या बाजूला तोफांजवळ उभी राहिली. डव्हटन तोफा ताब्यात घ्यायला निघाला. पहिला मोर्चा निमूटपणे मिळाला. पुढे सरकताच सक्करदऱ्याच्या बागेकडून गोळे आले आणि लढाई जुंपली. इंग्रजी अंदाजाप्रमाणे भोसल्यांकडे एकवीस हजार माणसे होती, त्यांत बहुतेक घोडेस्वार. दिवस मावळण्याआधी तळ, तोफा आणि हत्ती इंग्रजांच्या हाती पडले. गणपतराव सुभेदार स्वारांसह निघून गेले आणि पुढे बाजीरावाला मिळाले.

डव्हटनची नागपूरवरची कीर्ती या १६ डिसेंबरवर उभी आहे. इथपर्यंतचा भाग सेनानीला शोभणारा आहे, हे मान्य करायला हरकत नाही. उघड्या मैदानात, शिस्तीची पलटणे आणि वेगवान रिसाला यांच्या जोरावर त्याने मोठ्या फौजेची दाणादाण उडवली.

पण सक्करदऱ्याहून सगळे पळाले नव्हते. सुमारे पाच हजार पायदळ, त्यांत बहुसंख्य अरब आणि बाकी हिंदुस्थानी, मनभटाच्या नेतृत्वाखाली व्यवस्थित माघार घेत शहरात शिरले. त्यांनी वेशी लावून घेतल्या, तटबंदीवर आणि भोसल्यांच्या वाड्याच्या आवारात जागा धरल्या. शहराचा कोट जुना होता, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला, काही फार बलाढ्य नव्हे. राजा शत्रूच्या ताब्यात होता. त्याच राजाचे शहर सोडण्याचे हुकूम आत जात होते. घोडदळ निघून गेले होते. मोठ्या तोफा गमावल्या होत्या. कोणत्याही हिशेबाने हा प्रतिकार एका रात्रीत संपायला हवा होता.

तो दोन आठवडे चालला.

थकलेला पगार आणि सुरक्षित वाट यांविषयी बोलणी झाली, फिसकटली. मग डव्हटनने वेढा घातला. त्याची अडचण अशी की सक्करदऱ्यासारखी लढाई जिंकण्याची साधने त्याच्याकडे भरपूर होती, पण कोट फोडण्यासाठी लागणाऱ्या जड तोफा पुरेशा नव्हत्या. जे होते त्यावर भागवावे लागले. मारा जुम्मा दरवाजावर केंद्रित झाला. चार दिवसांत वेशीजवळ खिंडार पडले, किंवा बाहेरून पाहणाऱ्याला ते पुरेसे आहे असे वाटले.

२४ डिसेंबरला हल्ला झाला. मुख्य तुकडीच्या अग्रभागी राजाच्या सैन्यातील रॉयल स्कॉट्सचे गोरे शिपाई होते, ब्रिटिश पायदळातील सर्वांत जुन्या पलटणींपैकी एक. त्यांच्यामागे देशी पलटणींच्या कंपन्या आणि सुरुंगवाले. त्याच वेळी तुळशीबागेच्या दिशेने स्कॉटची आणि दुसऱ्या बाजूने पिटमनची तुकडी सरकली. खिंडारापर्यंत हल्लेखोर पोहोचले. आत शिरायचे म्हणजे काय, हे मग त्यांना कळले. दरवाजाच्या आतली घरे, गच्च्या, भिंतींची भोके, प्रत्येक आडोशातून बंदुका चालत होत्या. अरबांची तोड्याची लांब नळीची बंदूक उघड्या मैदानात संथ वाटे, पण भिंतीआडून नेम धरून बसलेल्या माणसाच्या हातात ती जीवघेणी ठरे. खिंडार ओलांडून पाय रोवायला जागाच मिळाली नाही. माघारीचा हुकूम द्यावा लागला. इतर दोन तुकड्याही परत बोलावल्या गेल्या.

वेढ्यात कंपनीचे ९० लोक ठार आणि १७९ जखमी झाले. हा आकडा सीताबर्डीच्या ३६७ शेजारी ठेवून पाहावा. सीताबर्डीचा आकडा प्रत्येक लेखात असतो, कारण तिथे इंग्रज जिंकले. महालाच्या वेशीवरचा आकडा कुठे दिसत नाही.

हल्ल्यानंतर पुन्हा बोलणी सुरू झाली आणि या वेळी ती यशस्वी झाली. बाहेर वेळ डव्हटनच्या बाजूने होता, आत मदत येण्याची आशा नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंनी शहाणपण केले. ३० डिसेंबरला अरब शहराबाहेर पडले. कैदी म्हणून नव्हे. आपली कुटुंबे आणि चीजवस्तू बरोबर घेऊन, सोबतीला इंग्रज अधिकारी आणि छोटे पथक देऊन त्यांना मलकापूरच्या वाटेला लावण्यात आले. असीरगडाकडे जाऊ नये एवढी अट होती. त्याच दिवशी कंपनीची फौज शहरात शिरली. नागपूर पडले ते असे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते येणारच.

पहिला आक्षेप : हे सगळे इंग्रजांनी दडपले. हा आक्षेप आरामाचा आहे, आणि खोटा आहे. मद्रास सैन्याच्या क्वार्टरमास्टर जनरलने, व्हॅलेंटाइन ब्लॅकरने, १८२१ मध्येच या युद्धाचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात अयशस्वी हल्ल्याची नोंद घेतली. मेलेल्या-जखमींचे आकडे त्यांच्याच कागदांतून आले आहेत. दडपले कोणी नाही. आपण वाचले नाही, एवढेच. ज्याला सीताबर्डीची कथा तोंडपाठ आहे त्याने त्याच पुस्तकाची पुढली दोन-चार पाने उलटली असती तर जुम्मा दरवाजा सापडला असता. शत्रूने लिहून ठेवलेला स्वतःचा पराभव ज्यांना वाचवत नाही, त्यांनी शत्रूवर खोटेपणाचा आळ घेऊ नये.

दुसरा आक्षेप खरा महत्त्वाचा आहे, आणि तो मोठ्याने बोलला जात नाही. ते अरब होते. भाडोत्री होते. पगारासाठी लढले, पगाराचे बोलणे झाले आणि निघून गेले. त्यांच्यासाठी कशाला लिहायचे?

या आक्षेपाचे दोन तुकडे आहेत. 'भाडोत्री' हा पहिला. बरे, मग डव्हटन काय होता? एका व्यापारी कंपनीचा पगारी नोकर. त्याचा धनी राजा नव्हता, लंडनच्या एका रस्त्यावरचे संचालक मंडळ होते. तो ज्या तैनाती फौजेचा सेनापती होता, तिचा खर्च निजाम देत होता. म्हणजे निजामाच्या पैशावर, कंपनीच्या नोकरीत, मद्रासी आणि बंगाली शिपायांकरवी भोसल्यांच्या शहरावर चालून आलेला इंग्रज, आणि त्याला कोणी भाडोत्री म्हणत नाही. त्याला कारकीर्द आहे. अरबांना नुसता पगार आहे. आणि या युद्धातली लूट? दख्खनच्या लुटीतील हिश्शावरून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज आणि हिस्लॉपची दख्खनची फौज यांत इतके भांडण लागले की ते प्रकरण विलायतेत गेले, खुद्द वेलिंग्टनला विश्वस्त म्हणून त्यात पडावे लागले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. वेशीवर लढणाऱ्या अरबाने थकलेले वेतन मागितले तर तो लालची. टेकडीवर जिंकणाऱ्या साहेबाने लुटीच्या वाट्यासाठी दावा लावला तर तो वीर. हा न्याय इंग्रजांनी करावा, त्यात नवल नाही. नागपूरच्या माणसाने तो मुकाट्याने पाठ करावा, हे नवल आहे.

मद्रासच्या २४ व्या पलटणीची आठवण इथे व्हावी. तेही पगारी, परमुलखातले, ज्या राजासाठी लढले त्याचे तोंड कधी न पाहिलेले. त्यांच्या क्रमांकाच्या मागणीत आपल्याला अभिमान दिसतो. मग धनी शत्रूच्या घरी बसला असताना, पळून जायला चारी दिशा मोकळ्या असताना, पडक्या कोटामागे थांबलेल्या पाच हजारांच्या मनात फक्त नाणी होती असे कशावरून ठरवले? पगारासाठी थांबायचे असते तर जिथे पगार मिळण्याची शक्यता होती तिथे ते गेले असते. दिवाळे निघालेल्या राजाच्या वेशीवर कोणी वेतनासाठी मरत नाही.

दुसरा तुकडा : 'अरब'. म्हणजे आपले नव्हेत. हे वाक्य २०० वर्षांपूर्वीच्या नागपुरात कोणाला समजलेही नसते. भोसल्यांच्या नागपुरात गोंड राजाचे वंशज शहरातच मानाने राहत. मराठी सरदार, तेलुगू व्यापारी, हिंदुस्थानी शिपाई, कोष्टी, मुसलमान कारागीर, आणि दख्खनच्या बहुतेक दरबारांप्रमाणे हद्रमौतकडून आलेले अरब. ते नुसते छावणीत राहत नव्हते. ३० डिसेंबरला शहर सोडताना त्यांच्याबरोबर बायकामुले होती, याचा अर्थ नागपुरात त्यांची घरे होती. आणि त्यांचा नायक मनभट. आडून अरबांवर आक्षेप घेणाऱ्याने या नावाचाही विचार करावा. दरबारातला एक मराठी ब्राह्मण आणि समुद्रापलीकडून आलेले शिपाई एकाच वेशीमागे उभे होते, आणि त्यांच्या समोर, खिंडाराच्या पलीकडे, स्कॉटिश, तमिळ, तेलुगू आणि वऱ्हाडात भरती झालेली माणसे होती. यात 'आपले' आणि 'परके' यांची रेघ कुठे ओढायची, ते आजच्या धर्मजातीच्या पट्टीने ठरणार नाही. त्या दिवशी ती रेघ एका तुटक्या भिंतीने ओढली होती.

तिसरा आक्षेप मोलाचा आहे : शेवटी शहर गेलेच ना? गेले. या दोन आठवड्यांनी इतिहासाची दिशा बदलली नाही. ६ जानेवारी १८१८ चा तह झाला, नर्मदेच्या उत्तरेचा मुलूख आणि वऱ्हाड गेला, सीताबर्डीची टेकडी कंपनीला मिळाली. मार्चमध्ये आप्पासाहेबांना अटक झाली, मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले. मे मध्येच चांद्याचा किल्ला पडला. जूनमध्ये तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवण्यात आले. १८५३ मध्ये तेही निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. हे सारे घडणारच होते. मात्र लढाई हरण्याचे प्रकार असतात, आणि जो इतिहास ते प्रकार वेगळे ओळखत नाही तो केवळ निकालपत्र असतो. सक्करदऱ्याला भोसल्यांची फौज उधळली गेली. जुम्मा दरवाजाला ती उधळली गेली नाही. या दोन वाक्यांतला फरक नागपूरकराला कळू नये, हे दुःखद आहे.

डव्हटनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिले पाहिजे : अपयशी हल्ल्यानंतर त्याने आणखी माणसे त्या खिंडारात ढकलली नाहीत. शहराची राखरांगोळी करण्याऐवजी अटी मान्य केल्या. त्याच्या कारकिर्दीतील हा कदाचित सर्वांत समंजस निर्णय असावा. त्यासाठी नाइटपद देण्याची प्रथा कोणत्याच सैन्यात नसते.

महाल सोडून गेलेल्यांशी डव्हटनची गाठ संपली नव्हती, असे म्हणता येईल. १८१८ च्या उन्हाळ्यात तो बाजीरावाच्या मागे वऱ्हाडातून बऱ्हाणपूरकडे धावला. बाजीराव ३ जूनला शरण गेला, तो मात्र माल्कमकडे, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. मग १८१९ मध्ये असीरगड. ज्या गडाकडे जाऊ नका असे नागपूरच्या अरबांना बजावले होते, तोच हा गड. आप्पासाहेब तिथे आश्रयाला गेल्याचा संशय होता. डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी मार्चमध्ये वेढा घातला, या वेळी पुरेशा जड तोफा घेऊन. आत शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड आणि पुन्हा अरब, मकराणी शिपाई. ९ एप्रिलला गड हाती आला. आप्पासाहेब तोवर निसटले होते. पुढे ते जोधपूरच्या आश्रयाला गेले आणि १८४० मध्ये तिथेच वारले.

मानपदकाचे काय? १८१७ च्या लढवय्यांना त्या वेळी पदक मिळालेच नाही. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' १८५१ मध्ये मंजूर झाले, तेही हयात असलेल्यांपुरते. चौतीस वर्षांनी. डव्हटनला वारून चार वर्षे झाली होती. वेशीवर चढलेले बहुतेक शिपाई, गोरे आणि काळे, त्याच्या आधीच गेले होते. या पदकाच्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या बसवत. नागपूरच्या वाट्याला पट्ट्या आल्या त्या अशा : 'सीताबर्डी', म्हणजे २६ आणि २७ नोव्हेंबर. 'नागपूर', म्हणजे १६ डिसेंबर. आणि दोन्ही ठिकाणी लढलेल्यांसाठी 'सीताबर्डी आणि नागपूर'. रॉयल स्कॉट्सच्या निशाणावरही 'नागपूर' हे नाव मानाने झळकले. खिंडारासाठी वेगळी पट्टी नाही. विजयाची पट्टी असते, हे बरोबरच आहे. शोक एवढाच की आपल्या स्मरणाच्याही नेमक्या तेवढ्याच पट्ट्या आहेत, त्याच तारखांच्या, जणू लंडनच्या टांकसाळीत पाडून आणलेल्या.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर वर्षातून मोजके दिवस लोकांना सोडतात, तेव्हा रांगा लागतात. बरेच जण त्याला भोसल्यांचा किल्ला समजतात. तो कंपनीने लढाईनंतर बांधला. भोसल्यांचा जुना वाडा १८६४ च्या आगीत जळाला, नगारखाना उरला. महालात त्या काळच्या ज्या वास्तू उभ्या आहेत, त्यांत जुम्मा दरवाजा एक. त्याच्यासाठी रांग लावावी लागत नाही, तिकीट नाही, विशेष दिवस नाही. त्याच्यावर २४ डिसेंबर १८१७ हा दिनांक कोरलेला नाही, मनभटाचे नाव नाही, आत मेलेल्या अरबांचा उल्लेख नाही आणि बाहेर मेलेल्या ९० जणांचाही नाही.